बांधावरचा अबोला

तानूबाईच्या कोंबड्यांनी मेथीचा वाफा उकरला होता. धोंडाबाईनं त्यांना हाकलायला ढेकूळ उचललं, बांधापलीकडं खुरपणाऱ्या तानूबाईकडं पाहिलं, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. ढेकूळ हातातच फुटलं. ती खाली बसली आणि उपटलेली रोपं मुकाट्यानं मातीत लावू लागली.

पिंपळीत तिच्या जिभेला सगळे वचकून असत. पण गेल्या रविवारी बारामतीच्या चर्चमध्ये पाळकसाहेब इंद्रियदमनावर बोलले होते. उपास सोपा, ते म्हणाले. ओठांवर आलेला शब्द गिळणं अवघड. साहेब आपल्याकडंच बघून बोलतायत, असं धोंडाबाईला वाटलं. तिथंच मान खाली घालून तिनं प्रभूला वचन दिलं.

मेथी उकरली त्याच्या दुसऱ्या दिवशी तानूबाईनं हरळीचे गड्डे बांधाच्या अलीकडं फेकले. धोंडाबाईनं ते गोळा करून उकिरड्यावर टाकले. मग एका सकाळी तानूबाईनं पाटाचं पाणी तोडून आपल्या वाफ्यांत घेतलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. धोंडाबाईचे कान तापले. दात आवळून तिनं पाणी पुन्हा वळवलं. घरी जाताना मात्र तिला हलकं वाटत होतं. जिंकल्यासारखं.

त्याच दिवशी दिवेलागणीला तानूबाई दारात आली.

"मी मेले का गं तुला?"

"शिव्या देत न्हाय म्हनून भांडाया आलीस व्हय?"

तानूबाईनं पदरानं नाक पुसलं. "पोरगं सुनंला घिऊन कारखान्यावर गेलं. आता दिसभरात माज्याशी बोलनारी तूच तर हायस. कोंबड्या काय आपसूक येत हुत्या तुज्या मेथीत?"

एवढे दिवस आपले ओठ सांभाळताना धोंडाबाईनं या बाईच्या तोंडाकडं एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

"बस," ती म्हणाली.

चुलीवर गुळाचा चहा होता. कप भरताना तिचा हात थबकला. सासऱ्यांच्या काळी ख्रिस्ती झालं तरी गावाच्या लेखी हे महाराचंच घर होतं. तानूबाईनं इथलं पाणीसुद्धा कधी घेतलं नव्हतं, आणि तिच्या घरी काही काम निघालंच तर धोंडाबाई मागच्या दाराशीच उभी राही. तरी धोंडाबाईनं कप पुढं केला.

तानूबाईनं कपाकडं पाहिलं, वळून रस्त्याकडं पाहिलं आणि कप घेतला. एक घोट पिऊन तोंड वाकडं केलं.

"गुळाचं पानी केलंयस नुसतं. चहा कसा करत्यात ठावं तरी हाय का?"

धोंडाबाईच्या जिभेवर उत्तर आलं, तिखट आणि नेमकं. या खेपेला दात आवळावे लागले नाहीत.

"न्हाय ठावं," ती म्हणाली. "उद्या तुज्या घरी येती. तू करून दाव."

तानूबाई कप धरून चुलीतल्या निखाऱ्यांकडं बघत राहिली. मग चहा संपवून ती उठली आणि उंबऱ्यापाशी थांबली.

"ये," ती म्हणाली. "पुढच्या दारानं ये."