मिस्त्रींचा जोड

हातोडी ट्रकच्या मागच्या आडव्या पट्टीवर पडली आणि आवाज बद्द आला. मिस्त्रींनी पुन्हा ठोकून पाहिलं. उजवीकडे खणखणीत, डावीकडे बद्द.

"काय झालं मामा?" जावयाने विचारलं. सासऱ्यांना तो मामाच म्हणायचा. लष्कराच्या लिलावातून घेतलेला हा ट्रक त्याने सकाळीच वर्कशॉपात आणून लावला होता. या पट्टीवरचा ट्रॉली ओढायचा मूळचा हुक लष्कराने काढून घेतलेला. नवा बसला की दुपारी ट्रॉलीत खडी भरून डोंगराचा उतार उतरायचा, असा बेत होता.

मिस्त्रींनी ग्राइंडर फिरवला. हिरव्या रंगाखालून पुट्टी निघाली आणि पुट्टीखालून केसाएवढी भेग.

"पट्टी बदलायला लागेल. चार दिवस द्या."

"चार दिवस कुठून आणू? पहिलंच काम मिळालंय, आज गेलो नाही तर गेलंच ते. जाड प्लेट मारा की. तुमचा जोड सुटलाय का कधी?"

सुटला नव्हता. चाळीस वर्षांत एकही नाही. पण जोडाने धरायचं ते लोखंडाला, आणि लोखंडच आतून गेलेलं. हे बोलायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मुलगी डबा घेऊन आली.

"बाबांनी हात लावला ना, मग झालं," ती म्हणाली. "मीपण जाते बरोबर."

"तू नको." मिस्त्रींचा आवाज चढला होता.

मुलगी हिरमुसली. जावई हसला. "राहू दे गं. मामांचा जीव आहे तुझ्यात."

मिस्त्रींनी प्लेटा मारल्या, हुक बसवला. "ट्रॉली अर्धीच भरा," एवढंच म्हणाले. जावई "बरं" म्हणाला आणि ट्रक गेला.

डबा तसाच राहिला. मुलगी भांडी आवरता आवरता थांबली. "बाबा, मला का नको म्हणालात?"

मिस्त्रींनी हात पुसले आणि स्कूटर काढली.

उताराच्या तिसऱ्या वळणावर माणसं जमली होती. ट्रक पुढे धड उभा होता, जावई पायरीवर डोकं धरून बसला होता. ट्रॉली आडवी, रस्ताभर खडी. खडीत एक चेपलेली सायकल, आणि बाजूला चादरीखाली शाळेचा शिपाई. हुक ट्रॉलीच्या कडीत तसाच अडकलेला होता. त्याच्याबरोबर पट्टीचा तुकडाच फाटून आला होता.

जावई उठून मिस्त्रींच्या कानाशी आला. "तुमचा जोड शाबूत आहे मामा. तुमच्यावर काही येत नाही. जुनं लोखंड, कुणाला काय माहीत."

पोलिसाने वही उघडली. "हुक तुम्ही बसवला?"

"हो."

"काम तर पक्कं दिसतंय."

"भेग मला सकाळीच दिसली होती," मिस्त्री म्हणाले. "तसं लिहा. माझ्या मुलीला मी बसू दिलं नाही, तेही लिहा."

पोलिसाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि लिहायला लागला. जावयाने मान फिरवली.

मृतदेह न्यायची गाडी यायला अजून वेळ होता. वाऱ्याने चादरीचं टोक सारखं उडत होतं. मिस्त्री खडीवर मांडी घालून बसले आणि त्या टोकावर त्यांनी हात ठेवला.