खिडकीकडचे कच्चे तामाले

सलग तीन नाताळांत माझ्यातले भिंतीकडचे तामाले शिजले आणि खिडकीकडचे कच्चे राहिले.

मित्रांनो, मी एक जुना ॲल्युमिनियमचा हंडा आहे. शिकागोच्या ज्या भागात दुकानांच्या पाट्या स्पॅनिशमध्ये असतात, तिथल्या एका घरात माझे बहुतेक आयुष्य गेले. मग मराठी कसे येते, असे तुम्ही विचाराल. हंड्याला मातृभाषा नसते. जो तळापर्यंत घासतो त्याची भाषा अंगात मुरते. या विधानाला माझ्याकडे पुरावा नाही.

मेक्सिकोतल्या एका कारखान्यात पत्रा दाबून मला घडवले. दोन्या एलोदियांनी मला मांडीवर घेऊन बसने इकडे आणले. दोन्या म्हणजे आपल्याकडच्या 'बाई'सारखे आदराचे संबोधन. त्या प्रवासात माझ्या पोटाला पोचा पडला. तो पाहुण्यांना दिसू नये म्हणून ती बाजू नेहमी भिंतीकडे असते.

वर्षभर मी कपाटावर असतो. तेवीस डिसेंबरला मला खाली काढतात, कारण चोवीसच्या रात्री तामाले हवेतच. मक्याच्या पिठात सारण भरून, मक्याच्या सालीत गुंडाळून ते माझ्यात उभे रचतात. तळाशी पाणी, वर भोकांची जाळी. पाण्यात एक नाणे टाकतात. पाणी उकळते तोवर नाणे वाजते. ते गप्प झाले की पाणी संपले, पुन्हा ओतायचे. पुष्कळ वर्षे या व्यवस्थेत खोट निघाली नाही. शेजारी माझे कौतुक करीत आणि मला ते आवडत असे.

मग एलोदियांच्या मुलाचे लग्न झाले आणि नायेली घरात आली. त्या डिसेंबरात तामाले प्रथमच अर्धे कच्चे निघाले. रागावलेल्या बाईच्या हातचे तामाले शिजत नाहीत, अशी तिथे समजूत आहे. त्या सकाळी नायेलीचे पडद्यांवरून सासूशी वाजले होते, तेव्हा निष्कर्ष तयारच होता. दुसऱ्या वर्षी ती दिवसभर गप्प राहिली. आतून धुमसत असणार, असे ठरले. तिसऱ्या वर्षी ती हसत वावरली. हसणे खोटे आहे, असे ठरले. ज्या समजुतीला कोणताही पुरावा चालतो, तिच्यापुढे माणसाचा इलाज नसतो.

यंदा एलोदियांनी सांगितले, "तू बाहेरच्या खोलीत बस, पोरी. स्वयंपाकघरात येऊ नकोस."

नायेलीने बॅग भरली. चोवीसच्या दुपारच्या बसने ती मिलवॉकीला बहिणीकडे जाणार होती. परत कधी येणार, ते तिने नवऱ्यालाही सांगितले नाही.

या घरात वरच्या मजल्यावर उल्का भाड्याने राहते. ती सोलापूरची, इथल्या शाळेत विज्ञान शिकवायला आली आहे. नाताळच्या सुटीत तिला न्यायला तिचा मावसभाऊ अनीश नोव्हाय गावाहून गाडीने येणार होता. त्याचा फोन आला तेव्हा मी ओट्यावरच होतो.

"ताई, इथे सगळा आइस झालाय. मी ड्राइव्ह कॅन्सल केलं. सॉरी, यार!"

"अरे, राहू दे. इथे तामाले आहेत."

"ते कच्चे निघतात म्हणालीस ना?"

"अर्धे. तेच तर बघायचंय."

रिकामे बसवेना म्हणून तिने मला घासायला घेतले. माझ्या तळाला एक करपलेला अर्धचंद्र होता. तो पोच्याच्या बरोबर समोरच्या बाजूला होता, म्हणजे खिडकीकडे. हाताने तो जाईना. तिने मला उलटे करून तो नीट पाहिला.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे चोवीसच्या सकाळी, सगळ्यांसाठी तिने घावन घातले. तांदळाचे पीठ डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानातून आणलेले होते. पातळ पीठ तव्यावर पडले आणि भिंतीकडे ओघळले. पुढचेही तसेच. या घरात रोज मक्याच्या पोळ्या होतात. पण मळलेले पीठ ओघळत नाही, म्हणून हे कधी कोणाला दिसले नव्हते.

"नायेली, हा स्टोव्ह इथे कधी आणला?"

"माझं लग्न झालं तेव्हा. भिंत पाडून स्वयंपाकघर वाढवलं ना, तेव्हा इकडे सरकवला. का, माएस्त्रा?" तिथे शिक्षिकेला माएस्त्रा म्हणतात.

उल्काने वाटीभर पाणी स्टोव्हवर ठेवले. पाणी एका कडेला चढलेले दिसत होते. नायेलीने पाना आणला आणि भिंतीकडचे पाय स्वतःच फिरवून उंच केले. त्यानंतरचे घावन गोल पडले.

"आता बस चुकव," उल्का म्हणाली. "तामाले तूच रच."

"आणि पुन्हा कच्चे निघाले तर?"

"तर मी चुकले, असं सगळ्यांसमोर सांगेन. तुझी चूक तरीही नसेल. फक्त एक कर, दरवर्षीइतकीच चिडलेली राहा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची."

"त्याची काळजी नको. दोन्या शेजारीच उभ्या आहेत."

"ऐकू येतंय मला," एलोदिया म्हणाल्या. "रचू दे तिला, बघू या. आणि माझ्या फिती?" नजर लागू नये म्हणून त्या माझ्या कानांना मक्याच्या सालीच्या फिती बांधतात.

"बांधा. त्या दरवर्षी असतात ना? मग असू देत."

दुपारभर दोघी भांडल्या: मीठ, सालींची रुंदी, पुन्हा एकदा पडदे. नायेली खरोखर संतापली होती. हे मी खात्रीने सांगतो, कारण माझे झाकण तिने दोनदा आपटले. बस निघून गेली. मग नाणे गप्प झाले. तामाले व्हायच्या कितीतरी आधी! एलोदिया दचकल्या. गेली तीन वर्षे ते शेवटपर्यंत वाजत होते. त्यांनी पाणी ओतले आणि नाणे पुन्हा वाजू लागले.

झाकण निघाले तेव्हा एलोदियांनी खिडकीकडच्या तामाल्यांतला एक स्वतः उचलला. साल सहज सुटली. त्यांनी खाल्ला, आणखी एक उचलला, सोलला आणि नायेलीच्या ताटात ठेवला.

"पडदे मात्र मला अजून आवडत नाहीत," त्या म्हणाल्या.

"मलाही तुमचं मीठ," नायेली म्हणाली, आणि बॅग रिकामी करायला आत गेली.

मित्रांनो, भांडी उलटी करून घासत जा. तळावर पुष्कळ काही उमटलेले असते. मला स्वतःला तिरपेपणा कळत नाही, कारण सरळ म्हणजे काय ते मी जिथे बसतो तिथूनच ठरवतो. म्हणून कोणीतरी बाहेरून पाहावे लागते.

कारण असे होते: वाढवलेल्या खोलीची जमीन भिंतीकडे उतरती होती. पाणी भिंतीकडे जमत होते आणि खिडकीकडचा तळ कोरडा पडून तिथली वाफ बंद होत होती. नाणेही घसरून उरलेल्या पाण्यात वाजत राहत होते, म्हणून पाणी कोणी ओतत नव्हते. नायेलीचा राग खरा होता. त्याचा तामाल्यांशी संबंध नव्हता.