मामा वर की खाली?

माझे बाबा पुस्तक शेवटून वाचतात. कुणाचं लग्न कुणाशी होतं ते आधीच बघून घेण्यासाठी शेवटचं पान उघडणारे लोक असतात, त्यांच्यातले ते नव्हेत. ती माझी आई. बाबा शेवटच्या पानावरची शेवटची ओळ वाचतात, मग तिच्या वरची, मग तिच्याही वरची, आणि असे उलटे चालत चालत पहिल्या पानावर येऊन पोचतात. छापखान्यात ते अडतीस वर्षं मुद्रितशोधक होते. डावीकडे हस्तलिखित, उजवीकडे प्रुफं, ओळीखाली स्टीलची पट्टी आणि हातात टोक काढलेली पेन्सिल. "अर्थ लागला की नजर पळायला लागते," असं त्यांचं म्हणणं, "आणि नजर पळाली की चूक निसटते." त्यांच्या हातून चूक निसटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. छापखान्यात त्यांना सगळे 'भिंग' म्हणायचे. हे त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

अशा माणसाच्या पोटी मी विनोदी लेखिका निघाले.

माझ्या पहिल्या तिन्ही पुस्तकांची प्रुफं बाबांनीच पाहिली. पाहिली म्हणते, वाचली म्हणत नाही. प्रत्येक वेळी मी गठ्ठा परत घ्यायला गेले की चपला काढता काढता विचारायची, "कसं वाटलं?" आणि प्रत्येक वेळी उत्तर यायचं, "समास जरा अरुंद ठेवलाय." आईचा प्रकार अगदी उलटा. तिला सगळंच आवडतं. औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा ती उलगडून चवीनं वाचते. त्यामुळे तिनं "फार छान झालंय गं, ठमे" म्हटलं की मला रडूच यायचं. (ठमी म्हणजे मी. ठेंगणी होते म्हणून पडलेलं नाव, अजून ठेंगणीच आहे.)

तिसऱ्या पुस्तकावर एका परीक्षणकर्त्यानं लिहिलं की लेखिका वाचकाला हसवण्यासाठी घाम गाळते आणि तो घाम पानापानावर दिसतो. दोन आठवडे मी हे हसण्यावारी नेलं. तिसऱ्या आठवड्यात नळ सोडून न्हाणीघरात बसून रडले. मग डोळे पुसून बाहेर आले आणि नवऱ्याला सांगितलं, "आता चौथं लिहितेय ते शेवटचं. कुणी हसलं तर ठीक, नाहीतर दुकान बंद."

"कुणी म्हणजे बाबाच ना?" नवरा म्हणाला.

लग्नाला एकोणीस वर्षं झाली की माणसाला नको ते कळायला लागतं.

चौथ्या पुस्तकात एक कुटुंब घर बदलतं. मामा आणि त्यांचे मेहुणे मिळून एक लोखंडी कपाट जिन्यावरून वर नेत असतात आणि ते दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकतं. एवढीच गोष्ट. या एवढ्याशा गोष्टीनं माझे तीन आठवडे खाल्ले. अकरा खर्डे झाले. कधी कपाट फार लवकर सुटायचं, कधी सुटायचंच नाही. एकदा तर मेहुण्यांचा हात अशा जागी आला की त्यांना तीन हात असल्याशिवाय ते शक्य नव्हतं. शेवटी एका रविवारी मी आमचं चपलांचं कपाट बाहेर काढलं आणि नवऱ्याला जिन्यात उभं केलं. "जरा डावीकडे कल. आता कपाळ टेकव. आता ओरड." खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाई वर येत होत्या. त्यांनी विचारलं, "घर सोडताय की काय?"

"नाही हो," कपाटामागून नवऱ्याचा आवाज आला, "ही लिहितेय."

आणि मग एका सकाळी, दुधाकडे लक्ष ठेवून ओट्यापाशी उभी असताना, वाक्य आलं. 'कपाट वळलं, पण मामा वळले नाहीत.' बस्स. मी वही ओढली आणि लिहीतच सुटले. दूध उतू गेलं, शेगडी विझली, नवरा आपला आपण चहा करून घेऊन गेला. दीड तासात सगळं प्रकरण कागदावर उतरलं, आणि मी ओट्याला टेकून एकटीच खदाखदा हसत होते. लिहिण्याच्या धंद्यात असा दीड तास वर्षातून एखादाच मिळतो. बाकी सगळं वर्ष त्याची वाट बघण्यात आणि आपल्याला दुसरं काही येत कसं नाही याचा विचार करण्यात जातं.

मी हातानं लिहिते. ते प्रकाशकांचा ऑपरेटर संगणकावर उतरवतो, त्याची प्रुफं निघतात आणि ती बाबांकडे जातात. या वेळी बाबांना अकरा दिवस लागले. एरवी ते पाच दिवसांत मोकळे होतात. बाराव्या दिवशी मी गेले तेव्हा गठ्ठा दोरीनं बांधून टेबलावर तयार होता.

"पान बहात्तरवर समास आत सरकलाय," बाबा म्हणाले.

"आणि ते कपाट?"

"कुठलं कपाट?" असं म्हणून ते खिडकीबाहेर बघायला लागले, आणि आईला म्हणाले, "चहा टाक."

मी चहा न घेताच निघाले. वाटेत ठरवून टाकलं की आता पुरे. अडतीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं उलटी वाचणाऱ्या माणसाला माझं पुस्तक सुलटं वाचावंसं वाटत नाही, तर ते वाचण्यासारखं नसणार. लेखनाचं टेबल मुलीला अभ्यासाला देऊन टाकायचं हेही ठरलं. चालताना माझे निर्णय फार भराभर होतात.

महिन्याभरानं पुस्तक छापून आलं. प्रकाशकांच्या कचेरीत गठ्ठे रचून ठेवले होते आणि खोलीभर ताज्या खळीचा वास होता. प्रकाशक हडकुळे, शांत गृहस्थ आहेत; कुठल्याही संकटावर "होऊन जाईल" एवढंच म्हणतात. मी वरची प्रत उचलली आणि आधी माझं लाडकं पान उघडलं. एकशे चौदा. तिथे सुबक टायपात छापलं होतं:

'कपाट वळलं, पण मामा वळले नाहीत. मॅडमना फोन करून विचारणे, मामा वर आहेत की खाली. मेहुण्यांनी खालून आरोळी ठोकली.'

मी तीनदा वाचलं. मग प्रत प्रकाशकांपुढे धरली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांच्या तोंडून 'होऊन जाईल' निघालं नाही.

ऑपरेटरला बोलावलं. बिचाऱ्याचा चेहरा उतरला. मजकूर जुळवताना त्याला मामांचा पत्ता लागेना, म्हणून त्यानं मला दोनदा फोन केला होता. मी तेव्हा शेवटची प्रकरणं लिहीत होते, आणि लिहिताना मी फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवते. मग विसरू नये म्हणून त्यानं तिथल्या तिथेच टीप टाईप केली, आणि मग विसरला.

"पण प्रुफं तर..." प्रकाशक बोलता बोलता थांबले. प्रुफं कुणी पाहिली होती ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

त्यांनी कपाटातून जुना गठ्ठा काढला. टीप तिथेही होती. तिच्याभोवती पेन्सिलीची साधी रेघसुद्धा नव्हती. मी मागेपुढे चाळलं. एकशे आठपासून एकशे एकवीसपर्यंत एकाही पानावर एकही खूण नव्हती. माझ्या लिखाणात चौदा पानं बिनचूक जाणं शक्यच नाही. बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत. मला वाटलं, डोळे गेले. डोळे गेले आणि त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

"शुद्धिपत्र छापून आत चिकटवू," प्रकाशक हळूच म्हणाले. "तुम्ही भिंगांना काही बोलू नका."

बोलणार नव्हतेच. घरी जाईपर्यंत मी छान थाप तयार केली: प्रुफं पाहून झाल्यावर ऑपरेटरनं काहीतरी दुरुस्ती केली आणि त्यात हे घुसलं. माझं पुस्तक गेलं खड्ड्यात. निवृत्तीनंतर त्या माणसाजवळ एवढी एकच गोष्ट उरली होती, की आपल्या हातून कधी चूक सुटली नाही. ती माझ्याच पुस्तकानं हिसकावून घ्यावी हे मला सहन होईना.

बाबांनी प्रत हातात घेतली. मला वाटलं, आता नेहमीप्रमाणे मागून उघडतील, म्हणजे एकशे चौदापर्यंत पोचायला दोन दिवस तरी जातील. त्यांनी प्रत मध्येच उघडली. दोन पानं पुढे, एक मागे, आणि बरोब्बर एकशे चौदावर आले. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काहीतरी उमटायला लागलं होतं, ते तिथेच थिजलं.

"ते नंतर घुसलंय, बाबा," मी घाईघाईनं म्हणाले. "ऑपरेटरचा घोळ. प्रुफात नव्हतं."

"खोटं बोलू नकोस. प्रुफातच असणार." त्यांचा आवाज बारीक झाला. "मी पाहिलं नाही."

"असू दे हो. उद्या डॉक्टरांना डोळे दाखवू या. हल्ली साधं ऑपरेशन असतं, सकाळी जाऊन..."

"डोळ्यांना काही झालेलं नाही."

"डोळे कसले दाखवतेस!" आई आतून पदराला हात पुसत आली. "हसत बसले होते हे. दार लावून. मी आपली ठसका लागला म्हणून पाणी घेऊन धावले, तर उशी तोंडावर धरून बसलेत! मला म्हणाले, ठमीला सांगशील तर खबरदार."

बाबांनी पुस्तक मिटलं, पण बोट त्या पानातच ठेवलं.

"सरळ वाचलं," ते म्हणाले. चोरी कबूल करणाऱ्या माणसाचा आवाज होता तो. "वरून खाली."

"तुम्ही?"

"सुरुवात शेवटूनच केली होती. त्या प्रकरणाची शेवटची ओळ आली, 'आणि मामांनी जिन्यातच जेवायला बसायचं ठरवलं.' म्हटलं, जिन्यात का? जरा मागे गेलो बघायला. तरी कळेना, म्हणून आणखी मागे गेलो. मग पट्टी बाजूला ठेवली." त्यांनी घसा खाकरला. "कपाट अडकलं तिथे मला धरवेना. प्रुफं बघतोय हेच विसरलो."

मी उसळले. "मग सांगायचं ना! मी इथे उभी राहून विचारलं होतं, कपाट कसं वाटलं म्हणून!"

"सांगितलं असतं तर प्रुफं कशी पाहिली तेही सांगावं लागलं असतं."

"आणि अकरा दिवस काय करत होतात?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आईनं छताकडे पाहिलं.

"हे झाल्यावर तुझी आधीची तिन्ही काढली," बाबा म्हणाले. "वाचायची राहिली होती. दुसऱ्यातला तो न्हावी झकास जमलाय. तिसरं मात्र ओढूनताणून आहे. घाम दिसतो."

बघा! तो परीक्षणकर्ता बरोबरच होता म्हणायचा. एरवी हे ऐकून मी चार दिवस जेवले नसते. त्या दिवशी मला कुणी पुरस्कार दिला असता तरी इतका आनंद झाला नसता. माझं पुस्तक वाईट आहे हे सांगायला बाबांनी ते वाचलं होतं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, आपल्या खुर्चीत बसून. मी रडतही होते आणि हसतही होते, आणि आई मला पाण्याचा पेला देऊ की पदर देऊ अशा पेचात उभी होती.

"ऑपरेटरचा प्रश्न मात्र रास्त आहे हं," बाबा म्हणाले. त्यांनी पान मागे उलटलं, पुढे उलटलं. "एकशे बारावर मामा कपाटाच्या खालच्या बाजूला आहेत. एकशे पंधरावर वर. मधे कपाट अडकलेलं. मग हे पोचले कसे?"

मी पुस्तक ओढून घेतलं. अकरा खर्डे, तीन आठवडे, जिन्यात उभा केलेला नवरा. मामा खरंच कपाटातून आरपार गेले होते.

"आता?" मी म्हणाले.

"आता काय, राहू दे. हसताना कोण बघतंय!" असं म्हणून बाबा स्वतःच हसायला लागले. उशी नाही, दार उघडं, खांदे हलत होते. मी त्यांना असं हसताना आजवर पाहिलं नव्हतं. मी आपली बघतच राहिले.

थोड्या वेळानं ते गंभीर झाले. "पुढच्या पुस्तकाला दुसरा माणूस बघ. मी आता भरवशाचा राहिलो नाही."

पुढचं पुस्तक नव्हतंच. टेबलसुद्धा देऊन झालं होतं. ते मुलीकडून परत कसं मिळवायचं याचा विचार करत मी म्हणाले, "बघते. चुका तो शोधेल. तुम्ही नुसतं वाचायचं."

"वरून खाली?"

"वरून खाली."

बाबांनी क्षणभर विचार केला, नवीन कामाची अट नीट समजून घ्यावी तसा. "जमेल," ते म्हणाले, आणि माझ्या हातातून पुस्तक परत घेऊन त्यांनी एकशे पंधरावं पान उघडलं.