लाल गुठळ्या

मी प्रयोगशाळेतला एक जुना शेकर, म्हणजे बाटल्या हलवणारे यंत्र आहे. मित्रांनो, माझे काम एकच: पाठीवर काचेच्या बाटल्या घेऊन दिवसरात्र गोल गोल डुलत राहायचे. त्या बाटल्यांतल्या साखरपाण्यात एका झुडपाच्या पेशी गुठळ्या करून वाढतात. मी थांबलो तर त्या तळाशी बसून गुदमरतात.

मी नवा आलो तेव्हा माझा काय थाट होता! आता माझे सांधे कुरकुरतात आणि येणारेजाणारे नाक मुरडतात. संशोधक बाई मात्र मला थोपटून म्हणायच्या, "म्हातारा अजून भारी आहे हं!"

बाईंना त्या पेशींकडून एक लाल द्रव्य हवे होते, भाजलेल्या जखमा भरून आणणारे. झुडपात ते चिमूटभरच मिळे, आणि खणून खणून ती झुडपेही संपली होती. बाईंनी सहा वर्षे खपून या पेशींना वळण लावले. बाई बाटलीत मेलेल्या बुरशीचा अर्क थेंबभर टाकत. शत्रू आला असे समजून पेशी बिचकत आणि बचावासाठी तिप्पट लाल द्रव्य करत. अशा गुठळ्या दिसायला मात्र रोडक्या आणि काळपट लाल. त्यांच्यातच काही पांढऱ्या गुठळ्याही असत; त्या भराभर वाढत, पण कितीही अर्क टाकला तरी लाल द्रव्य करत नसत.

मग बाईंची आई अंथरुणाला खिळली आणि बाई तीन महिने रजेवर गेल्या. दर पंधरा दिवसांनी थोड्या गुठळ्या नव्या बाटलीत घालायच्या, हे त्यांनी मदतनीस मावशींना लिहून दिले. कोणत्या, ते लिहायचे राहिले.

मावशी फार मायाळू. "अगं बाई, ही किती सुकली! आणि ही बघा कशी गुटगुटीत!" असे म्हणत त्यांनी झपाट्याने वाढणाऱ्या पांढऱ्या गुठळ्या निवडल्या आणि लाल फेकून दिल्या. दिसते तसे नसते, मित्रांनो! मला ओरडायचे होते, पण तोंड कुठून आणू? मी जोरजोरात कुरकुरलो, तर मावशींनी सांध्यांना तेल घातले.

सहाव्या खेपेला एकही लाल गुठळी उरली नाही. राखीव बाटल्याही माझ्याच पाठीवर होत्या, त्यांचेही तेच झाले.

बाई परतल्या. त्यांनी अर्क टाकला, चार दिवस वाट पाहिली. बाटल्या पांढऱ्याफटक.

"मावशी, लाल गुठळ्या कुठे आहेत?"

"त्या होय? आजारी होत्या हो. मी चांगल्या चांगल्या तेवढ्या ठेवल्या. बघा ना, दुप्पट झाल्यात!"

मावशींचा चेहरा आनंदाने फुलला होता. बाईंनी एकेक बाटली उजेडाकडे धरून लाल ठिपका शोधला. "चूक माझीच. तुम्हाला दाखवायला हवं होतं मी," एवढेच त्या म्हणाल्या.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू फेकण्यापूर्वी एकदा तरी विचारा. मला विचारता येत नाही, थांबताही येत नाही. त्या पांढऱ्या गुठळ्या अजून वाढत आहेत, आणि त्यांना वाढवतो आहे तो मीच.