कळ थांबली तेव्हा

मी एक जुनी, सुकलेली किडनी आहे. मित्रांनो, बिद्रीच्या हंबीररावांच्या डाव्या कुशीत माझं सगळं आयुष्य गेलं. हंबीरराव कीर्तनात पखवाज वाजवायचे. पखवाजाच्या डाव्या पुडीच्या कातड्याला कणीक लावून त्यांनी थाप दिली, की ती माझ्यापर्यंत घुमायची. माझ्याकडं येणारं रक्तही जणू त्याच ठेक्यात यायचं. ते गाळून परत पाठवायचं, एवढीच माझी सेवा.

हंबीररावांचा नेम होता. कीर्तन उभं राहिलं की आरतीपर्यंत पखवाज मांडीवरून उतरायचा नाही. मध्येच लघवीला उठावं लागू नये म्हणून ते दुपारपासून पाण्याला शिवत नसत.

"घोटभर तरी प्या की," त्यांच्या कारभारीण बाळाबाई म्हणायच्या.

"आन् बुवा रंगात आल्यावर मी भिंतीकडं पळू व्हय?"

अशानं चौऱ्याण्णव साली माझ्यात खडा धरला आणि खालच्या नळीत अडकला. वाट पुरती बंद झाली नाही, अर्धी झाली. थोडी लघवी झिरपायची, बाकीची माझ्यात तुंबायची. हंबीरराव कळेनं लोळले. आधी मी रक्तवाहिन्या सैल सोडल्या, जास्त रक्त बोलावलं, जोर लावला. पण काही तासांतच त्या आवळत गेल्या आणि रक्त कमी येऊ लागलं.

बाळाबाईंनी कुळथाचं कढण पाजलं. चार दिवसांत कळ थांबली. खडा पडला म्हणून हंबीररावांनी देवळात नारळ फोडला. मित्रांनो, खडा तिथंच होता! मी फुगून सैल पडले होते, म्हणून दुखत नव्हतं इतकंच. पुढची सात वर्षं पखवाजाची थाप ऐकू यायची, रक्ताचा ठेका मात्र विरत गेला.

मग एकदा पायांना सूज आली, तेव्हा शाहूपुरीतल्या डॉक्टरांनी सोनोग्राफी केली.

"खडा हाय तिथंच हाय, हंबीरराव. डावीकडं रक्त जाईनासं झालंय. ही किडनी गेली."

"पर दुखत न्हाय की!"

"तिथंच तर फसलासा."

बाळाबाईंनी पदर तोंडाला लावला. "मग नारळ कशाचा फोडला वो आपण?"

आता पखवाजाशेजारी पाण्याचा तांब्या असतो. परवा ऐन अभंगात हंबीरराव ओशाळून उठले. बुवांनी टाळ थांबवले.

"जावा निवांत. तुम्ही येईस्तोवर पांडुरंग विटेवरच हाय."

सगळे हसले. मला मात्र वाटलं, हे खडा धरण्याआधी कुणी म्हणालं असतं तर!

मित्रांनो, पाणी प्या, लघवी अडवू नका. कळ थांबली तरी तपासून घ्या. माझं कामही आता माझी उजवी बहीण एकटी ओढते. तिला तरी जपा.