ग्रहणात चिरलेली भाजी

बाळाच्या दोन्ही हातांना मधलं बोट नव्हतं. तिथे खोल खाच होती. असा दोष घराण्यातून येतो का, हे शोधायला मी परळच्या इस्पितळातून घरोघर हिंडत होतो. तसाच लालबागच्या या चाळीत आलो. बाळाचा बाप जयवंत शिवाजी पार्कला संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गेला होता. त्याची आई शांताबाई पाय गोधडीत घेऊन बसल्या होत्या.

"घरात आणखी कुणाला असं आहे?" मी विचारलं.

"आमच्यात कोणाक नाय. हिनाच ग्रहणात भाजी चिरल्यान." त्यांनी बाळाला घेऊन बसलेल्या सुनेकडे बोट दाखवलं.

दर घरी हेच उत्तर. दर घरी ग्रहण, आणि विळीवर सून. मी वैतागून उठलो.

सून मालन बाळाला घेऊन जिन्यापर्यंत आली.

"खरंच चिरली होती भाजी?"

"नाही. ग्रहण सुटेपर्यंत सासूबाईंनीच मला निजवून ठेवलं होतं." मग ती हळूच म्हणाली, "मी रोज त्यांच्या पाया पडते, डॉक्टर. उजव्या पायाला अशीच खाच आहे."

"मग हे जयवंतला का नाही सांगितलं?"

"तेही रोज पाया पडतात."