नापास टेपमधली शीळ

मला पाठीमागे सगळे ‘कात्रीबाई’ म्हणतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणोत बापडे. सव्वीस वर्षं मी एकच काम केलंय. जगभरातल्या रानपाखरांचे आवाज आमच्या संग्रहात टेपवर येतात. ते ऐकायचे, त्यातला माणूस कापून टाकायचा आणि पक्षी तेवढा ठेवायचा.

माणूस त्यात येतो कुठून, तर आमच्या धंद्याची रीतच तशी आहे. आवाज टिपणारा यंत्र बंद करण्याआधी स्वतःच्या तोंडाने सांगतो, पक्षी कुठला, जागा कुठली, किती वाजले, वारा होता की नव्हता. ते ऐकून मी कार्ड भरायचं आणि त्याच्या बोलण्याचा तुकडा कापून टोपलीत टाकायचा. अभ्यासकाला पक्षी हवा असतो, कुणा बाबूरावाची खाकर नको असते. माझ्या टेपा इतक्या स्वच्छ की बाहेरची माणसं मुद्दाम बघायला यायची. मीही काही कमी टेंभा मिरवला नाही.

आणि एका मंगळवारी दुपारी वहिनी आल्या.

वहिनी म्हणजे आमच्या परातवाल्या दादांची बायको. दादा हा आमचा सगळ्यात जुना आवाज टिपणारा माणूस. लांबचा आवाज गोळा करायला एक मोठी धातूची थाळी वापरतात, ती पाठीला बांधून हा गडी देशोदेशीची रानं तुडवायचा, म्हणून परातवाले. मला ‘ताई’ म्हणायचे आणि प्रत्येक टेपच्या शेवटी, सगळी माहिती सांगून झाल्यावर, हसून म्हणायचे, “ताई, आता चालवा कात्री.” मी लगेच चालवायचे.

“या की वहिनी! दादा कसे आहेत?”

“आहेत. मागच्या वर्षी गळ्याचं ऑपरेशन झालं, कळलं असेल तुम्हाला. जीव वाचला, पण आवाज गेला. स्वरयंत्रच काढून टाकलं.” त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. “आता पाटीवर लिहितात. मला बोलवायचं असलं की ताटावर चमचा वाजवतात.”

मी पाणी दिलं. त्यांनी पेला हातातच धरून ठेवला.

“परवा मी ओट्याशी उभी होते. मागून चमचा वाजला. आणि ताई, मला आठवेचना, हे ‘अगं’ कसं म्हणायचे ते. शब्द आठवला, आवाज आठवेना. इतकी घाबरले मी! घरात कुठेच त्यांचा आवाज नाही. लग्नाच्या व्हिडिओत नुसते हसतात. फोनवर ‘हं’ आणि ‘बरं’च्या पुढे कधी गेले नाहीत. मग म्हटलं, तुमच्याकडे तर ढिगाने असेल.”

तो सगळा ढीग मीच कापून टोपलीत टाकला होता. खरं सांगायला हवं होतं. पण त्यांचा चेहरा बघून माझी जीभ रेटेना. “शोधते,” एवढंच म्हणाले.

जाता जाता दारात थांबून वहिनी बोलत राहिल्या. बऱ्याच दिवसांचं साठलं असावं. “अहो, उभा जन्म जंगलात काढला या माणसाने. तीन-तीन महिने जायचे. पत्र नाही, निरोप नाही. तिथे पाखरं मिळाल्यावर बायको कशाला आठवेल! परत आले की फाटकाशी शीळ घालायचे. दोन सूर चढते, एक उतरता. मी समजायचे, आली स्वारी. माझ्या वाट्याला तेवढंच. आता तीही गेली. श्वास गळ्यातल्या भोकातून बाहेर पडतो, ओठांपर्यंत पोचतच नाही.”

त्या गेल्या आणि मी कपाटं उघडली.

आमच्याकडे पक्ष्यांच्या कुळाप्रमाणे कपाटं आहेत. घुबडांचं वेगळं, पोपटांचं वेगळं, धनेशांचं वेगळं. कुठेतरी एखादा शब्द कापायचा राहिला असेल म्हणून तीन आठवडे मी रोजचं काम बाजूला ठेवून दादांच्या टेपा ऐकत होते. रात्री ओरडणारे रातवे झाले. मान वाकवून भांडणारे बगळे झाले. पेंग्विनांच्या कपाटाशी मी नको इतकी रेंगाळले. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या जातीला घरटं नसतं. समुद्रावरून परतलेला जोडीदार हजारोंच्या कालव्यात नुसत्या हाकेवरून आपलं माणूस शोधतो. त्या टेपवर पाच मिनिटं कालवा होता, मग एक हाक, मग तिला उत्तर, आणि त्यापुढे माझी सफाईदार कापणी. दादा त्या थंडीत काय बोलले असतील, कोण जाणे. मी कार्डावर वेळ आणि वारा लिहून ठेवला होता.

एकही शब्द सापडला नाही. मूळ टेपाही आम्ही पुसून पुन्हा वापरायचो. माझाच मला इतका राग आला की चहाचा कप बशीवर आपटून कान तोडला.

शेवटी राहिलं कोतवालांचं कपाट. हे काळे पक्षी मोठे लबाड. दुसऱ्या पाखरांच्या हाका हुबेहूब काढतात. कधी तर खोटाच धोक्याचा इशारा देऊन बाकीच्यांना पळवून लावतात आणि त्यांचा घास पळवतात. त्यांच्यातच भृंगराज येतो, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसांचे झुबके असलेला. त्याचं कार्ड काढलं तर त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं: ‘एक टेप नापास. कारण: माणसाची शीळ.’

मग सगळं भांडण आठवलं. एकोणीस वर्षांपूर्वीचं.

“दादा, यंत्र चालू असताना शीळ कसली घालता? उनाड पोरासारखं!” मी फाडकन म्हणाले होते.

“ताई, ती मी नाही घातली. शेवटपर्यंत ऐका तरी.”

“मला माझं काम शिकवू नका.”

दादा हसले आणि परात उचलून निघून गेले. शीळ ऐकल्यावर मी यंत्र बंद केलं होतं. पुढचं ऐकलंच नव्हतं. नापास टेप आम्ही कापत नाही, वर्षभराने पुसतो. पण ही मी पुसलीही नाही. पुन्हा वाद घातला तर तोंडावर मारायला पुरावा असावा, म्हणून नापासांच्या कपाटात अगदी तळाशी ढकलून ठेवली होती. माझा खवटपणा जन्मात एकदाच कुणाच्या उपयोगी पडला, तो असा.

टेप लावली. या वेळी शेवटपर्यंत ऐकली. दादांचा आवाज होता, चांगला मिनिटभराचा. मी डोळे पुसले आणि वहिनींना फोन लावला. “उद्या सकाळी या. दादांनाही घेऊन या.”

दादा वाळले होते. गळ्याला रुमाल, काखेत पाटी. मला बघून त्यांनी दोन बोटांची कात्री करून दाखवली. मला हसू यायच्या ऐवजी हुंदकाच आला.

“वहिनी, आधी सांगते. बाकीच्या सगळ्या टेपांवरचा आवाज मी स्वतःच्या हाताने कापलाय. एवढी एकच राहिली.”

वहिनींनी मान हलवली आणि खुर्ची यंत्राजवळ ओढली.

टेप फिरायला लागली. किड्यांची किरकिर. मग भृंगराज सुरू झाला. आधी घुबड काढलं, मग गरुडाची किंकाळी, मग खारीची चिकचिक. आणि मग शीळ. दोन सूर चढते, एक उतरता.

वहिनींनी झटकन दाराकडे पाहिलं. शेजारी नवरा बसलेला असून दाराकडे पाहिलं.

शीळ पुन्हा झाली, पुन्हा एकदा झाली. मग खाकरल्याचा आवाज आला आणि दादा बोलायला लागले. जाडसर, जरा नाकातला, घाई नसलेला आवाज.

“भृंगराज, एकच पक्षी. डोंगराचा उतार, संध्याकाळचे सहा, वारा नाही. ताई, यंत्र बंद केलं नसलंत तर ऐका. ही शीळ मी घातली नाही. म्हणजे आहे माझीच, पण आत्ता घातली ती या पठ्ठ्याने. काय आहे, संध्याकाळ झाली की मी तंबूबाहेर बसून घरच्या फाटकातली शीळ घालतो. इथे फाटक कुठलं आलंय! पण त्याशिवाय घास उतरत नाही. दोन महिने हा वरच्या फांदीवर बसून ऐकत होता. आता मी विसरलो तर तोच आठवण करतो. आमच्या हिला यातलं काही माहीत नाही. सांगायला जातो, पण ‘अगं’ म्हटलं की त्याच्यापुढे माझी गाडीच जात नाही. असो. ताई, आता चालवा कात्री.”

खट् करून टेप थांबली.

वहिनी नवऱ्याकडे वळल्या. “रोज?”

दादांनी पाटीवर लिहिलं: रोज.

“आणि मी बसले जन्मभर बोल लावत! एकदा तरी सांगायचं होतंत.”

दादांनी पाटी पुसली, लिहिलं, पुन्हा पुसलं. शेवटी पाटीवर एकच शब्द ठेवून त्यांच्यासमोर धरली: अगं.

“गाढव आहात,” वहिनी म्हणाल्या, आणि त्यांचा हात धरून घळाघळा रडल्या. मीही रडले. लाज कसली त्यात! मग वहिनी म्हणाल्या, “ताई, पुन्हा लावा.” मी चार वेळा लावली.

वहिनींसाठी एक प्रत करून दिली. मग कार्ड काढून त्यांच्यासमोर ‘नापास’ खोडलं आणि लिहिलं: ‘भृंगराज. माणसाच्या शिळेची नक्कल. शिकवणारा माहीत आहे. शेवटचं बोलणं कापू नये.’ दादांनी ते वाचून माझ्या डोक्यावर टपली मारली.

त्यांना पोचवायला मी बाहेरच्या पायरीपर्यंत गेले. वहिनी टेप छातीशी धरून तरातरा फाटकापाशी पोचल्या. दादा मागेच राहिले. व्हरांड्यातल्या पक्ष्यांच्या तसबिरींपुढे उभे होते, नेहमीसारखे सगळं विसरून. वहिनींनी वळून पाहिलं. हाक मारतील असं मला वाटलं. पण त्यांनी ओठांचा चंबू केला आणि फुंकर मारली. पहिल्यांदा नुसतीच हवा निघाली. दुसऱ्यांदा शीळ आली, बेसूर, तिसरा सूर तर पार घसरलेला.

दादांनी मान वर केली आणि फाटकाकडे चालू लागले.